आश्रयाचा अर्ज केल्यानंतर

भारताने १९५१च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय करारावर सही केलेली नाही. तिबेटी आणि श्रीलंकेच्या तमिळ निर्वासितांची व्यवस्था भारत सरकार स्वतः पाहते. म्यानमार, अफगाणिस्तानसारख्या देशांतून आलेले लोक मात्र प्रामुख्याने संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाच्या दिल्ली कार्यालयाकडे अर्ज करतात.

नोंदणीत कुटुंबाची माहिती, फोटो घेतात आणि अर्ज विचाराधीन असल्याचा कागद देतात. मग प्रतीक्षा, ती अनेक महिने, कधी त्याहून खूप लांबते. खरी कसोटी मुलाखतीत. देश का सोडला, कोणाची भीती आहे, परत गेल्यास काय होईल, हे तपशिलात, अनेकदा उलटसुलट विचारतात. छळाच्या आठवणी पुन्हा सांगणे फार जड जाते. दुभाषा मिळतो, महिला अधिकारी मागता येते आणि सांगितलेले मायदेशाच्या सरकारला कळवत नाहीत. तारीख आठवत नसेल तर तसे सांगावे. अंदाजाने सांगितलेली तारीख पुढे विसंगती ठरते.

मान्यता मिळाल्यास निर्वासित कार्ड मिळते, पण त्याने नागरिकत्व किंवा नोकरीचा परवाना मिळत नाही. नकार आल्यास ठरलेल्या मुदतीत अपील करता येते. ही सारी प्रक्रिया मोफत आहे; काम लवकर करून देतो म्हणणाऱ्या दलालाला एक पैसाही देऊ नका.