भाडेकरू १२ वर्षांनी घरमालक होतो? खरं-खोटं सांगणारी ‘खास’ सर्च इंजिन्स कशी शोधायची?

‘भाडेकरू सलग १२ वर्षं राहिला की घर त्याचं, सुप्रीम कोर्टाचा निकाल!’ असा मेसेज तुमच्याही फॅमिली ग्रुपवर येऊन गेला असेल. गुगल केलं तर त्याच मथळ्याचे व्हिडिओ आणि पोस्ट समोर येतात. मूळ निकाल वाचायचा तर खास सर्च इंजिन हवं.

खास सर्च इंजिन म्हणजे काय?

गुगल सगळ्या विषयांचा मजकूर एकत्र दाखवतं. खास सर्च इंजिन एकाच विषयात किंवा एकाच प्रकारच्या मजकुरात शोधतं.

- इंडियन कानून: भारतीय कायदे आणि कोर्टाचे निकाल
- गुगल स्कॉलर: शोधनिबंध (२००४ पासून)
- टिनआय: फोटो अपलोड केला की तो वेबवर आणखी कुठे आहे ते कळतं
- फॅक्ट चेक एक्सप्लोरर: व्हायरल दाव्यांच्या आधीच झालेल्या पडताळण्या
- मोल्सवर्थ कोश: १८५७ चा मराठी-इंग्रजी शब्दकोश, शिकागो विद्यापीठाच्या साइटवर

मग ‘त्या’ मेसेजचं काय?

इंडियन कानूनवर ‘अ‍ॅडव्हर्स पझेशन’, म्हणजे प्रतिकूल ताबा, हे शब्द इंग्रजीत टाका आणि २०१९ चे सुप्रीम कोर्टाचे निकाल पाहा. ७ ऑगस्ट २०१९ च्या निकालात कोर्टाने म्हटलं की, १२ वर्षांच्या प्रतिकूल ताब्याच्या आधारे ताबा असलेली व्यक्ती स्वतःही दावा दाखल करू शकते. पण मालकाच्या परवानगीने, भाडं देऊन राहणं हा प्रतिकूल ताबा नव्हे. मेसेजमध्ये नेमकी हीच गोष्ट गाळलेली असते. त्यावर विश्वास ठेवून एखादा मालक चांगल्या भाडेकरूला घराबाहेर काढू शकतो.

अशी इंजिन्स सापडतात कशी?

१. विषयाच्या नावापुढे ‘डेटाबेस’ किंवा ‘अर्काइव्ह’ हा शब्द इंग्रजीत जोडून गुगल करा.
२. इंग्रजी विकिपीडियावर सर्च इंजिनांची विषयवार यादी आहे, ती चाळा.
३. विद्यापीठांच्या ग्रंथालयांच्या वेबसाइट पाहा. तिथे अनेकदा विषयवार डेटाबेसची यादी असते.

स्वतःचं बनवता येतं का?

हो. गुगलने २००६ मध्ये ‘कस्टम सर्च’ सुरू केलं. आज त्याचं नाव ‘प्रोग्रॅमेबल सर्च इंजिन’ आहे. तुमच्या भरवशाच्या साइट्सची यादी द्यायची, की शोध तेवढ्याच साइट्समध्ये होतो. कोडिंग यायची गरज नाही.

काय काळजी घ्याल?

अशी इंजिन्स कुणीही बनवू शकतं, म्हणून यादी कुणी केली ते आधी तपासा. आणि एखादी गोष्ट एका इंजिनात सापडली नाही, म्हणजे ती अस्तित्वातच नाही असं नसतं. यादीत नसलेली साइट त्यात दिसणारच नाही.

पुढच्या वेळी ‘कोर्टाने म्हटलंय’ असा फॉरवर्ड आला, तर ग्रुपवर वाद घालण्याआधी मूळ निकाल शोधा आणि त्याचीच लिंक टाका.