आयएनएस कोलकाता : माझगावच्या विनाशिकेचा मार्च २०२४

नोव्हेंबर २०२३ पासून हूथी बंडखोरांनी तांबड्या समुद्रात व्यापारी जहाजांना लक्ष्य केलं. त्याच सुमारास सोमाली चाच्यांनीही पुन्हा डोकं वर काढलं. अशा वेळी या पाण्यात गस्तीवर होती मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेली विनाशिका, आयएनएस कोलकाता.

६ मार्च २०२४. एडनच्या आखातात ‘ट्रू कॉन्फिडन्स’ जहाजावर क्षेपणास्त्र आदळलं आणि तीन खलाशी मृत्युमुखी पडले. कोलकाताने हेलिकॉप्टर आणि बोटी पाठवून २१ जणांना वाचवलं. त्यांत एक भारतीय होता.

दहाच दिवसांत त्याहून मोठी कसोटी आली. डिसेंबरमध्ये अपहरण झालेलं ‘रुएन’ जहाज चाचे वापरत होते. भारतीय किनाऱ्यापासून सुमारे २,६०० किलोमीटरवर कोलकाताने ते अडवलं. चाच्यांनी तिचं ड्रोन पाडलं, गोळीबारही केला. तिने नेमका मारा करून जहाजाची सुकाणू यंत्रणा निकामी केली. हवाई दलाच्या सी-१७ विमानातून नौदलाचे मार्कोस कमांडो समुद्रात उतरले. सुमारे ४० तासांच्या मोहिमेअंती सर्व ३५ चाचे शरण आले आणि १७ खलाशी सुखरूप सुटले.

२३ मार्चला कोलकाता त्या ३५ जणांना घेऊन मुंबईत परतली आणि त्यांना मुंबई पोलिसांच्या ताब्यात देण्यात आलं.