लोकशाहीर रामजोशी

‘राजकमल कलामंदिर’ या संस्थेने १९४७ मध्ये निर्माण केलेला मराठी चरित्रपट. पेशवाईच्या उत्तरकाळातील शाहीर, कीर्तनकार व कवी राम जोशी (सु. १७६२–१८१२) यांच्या जीवनावर तो आधारलेला आहे. दिग्दर्शन बाबूराव पेंटर व व्ही. शांताराम यांचे, लेखन व गीते ग. दि. माडगूळकरांची आणि संगीत वसंत देसाई यांचे. रामजोशींची भूमिका जयराम शिलेदार यांनी, तर नर्तकी बया हिची भूमिका हंसा वाडकर यांनी केली. मतवाला शायर रामजोशी या नावाने त्याची हिंदी आवृत्तीही त्याच वर्षी निघाली. मराठीत ‘तमाशापट’ म्हणून जो चित्रपटप्रकार पुढे रूढ झाला, त्याचे प्रारंभस्थान या चित्रपटात आहे, असे सामान्यतः मानले जाते.

राम जोशी मूळचे सोलापूरचे. जोशीपणाची वृत्ती असलेल्या ब्राह्मण घराण्यात त्यांचा जन्म झाला. वडीलबंधू मुद्‌गल जोशी हे व्युत्पन्न पुराणिक होते. धाकट्याला मात्र लहानपणीच तमाशाच्या फडाचा नाद लागला. तमासगिरांसाठी तो लावण्या रचून देतो, हे समजल्यावर घराचे दार त्याला बंद झाले. पुढे पंढरपूरला राहून त्यांनी संस्कृतचे अध्ययन केले आणि कीर्तनकार म्हणून लौकिक मिळविला. कऱ्हाकाठी बारामतीस नाईकांच्या आश्रयाने राहणाऱ्या मोरोपंतांशी (१७२९–९४) त्यांचा स्नेह जुळला. या स्नेहाला वाङ्‌मयेतिहासात महत्त्व आहे. मोरोपंतांच्या आर्या पंडितांच्या पोथ्यांतून सामान्य श्रोत्यांच्या कानापर्यंत जाण्यास राम जोशींची कीर्तने मोठ्या प्रमाणात कारणीभूत झाली. उलट, त्यांच्या लावणीत जी संस्कृतप्रचुर शब्दकळा, जी यमकांची दाटी व अनुप्रासांचा सोस आढळतो, तो या पंडिती वळणाचा परिपाक होय. त्यांनी संस्कृतात लावण्या रचल्या, तसेच संस्कृत व मराठी यांची एकाच रचनेत सरमिसळही केली. शृंगारिक लावणीबरोबरच दांभिकांवर कोरडे ओढणाऱ्या त्यांच्या उपदेशपर रचनाही प्रसिद्ध आहेत. डफ-तुणतुण्याचा फड आणि टाळ-वीणेचे कीर्तन या दोन रंगभूमींवर सारख्याच अधिकाराने उभा राहणारा असा दुसरा कवी त्या काळात आढळणे कठीण.

चित्रपटाच्या दृष्टीने या चरित्रात अनुकूलता होती, तशी अडचणही होती. मराठी बोलपटाने तोवर जे चरित्रपट लोकप्रिय केले, ते प्रामुख्याने संतांचे होते. प्रभात फिल्म कंपनीच्या धर्मात्मा (१९३५), संत तुकाराम (१९३६) व संत ज्ञानेश्वर (१९४०) या चित्रपटांनी एक साचा घालून दिला होता : निर्मळ अंतःकरणाचा गायक-कवी, त्याला छळणारे कर्मठ, घरातील हालअपेष्टा आणि अखेरीस काव्याचा विजय. लोकशाहीर रामजोशी या चित्रपटाने हाच साचा उचलून संताच्या जागी शाहीर बसविला. येथेही धर्ममार्तंडांचा रोष आहे, घरच्यांचा त्याग आहे. मात्र चमत्काराने संकट टळण्याची सोय येथे नाही. नायक प्रेमात पडतो तो नर्तकीच्या, व्यसनाच्या आहारी जातो आणि त्याचे पतन त्याच्या स्वतःच्या हातून घडते. पूज्य नसलेल्या माणसाचे काव्य मात्र आदरणीय असू शकते, हे मराठी प्रेक्षकाला पडद्यावर प्रथमच एवढ्या ठळकपणे सांगितले गेले. यातच चित्रपटाचे खरे महत्त्व आहे.

बाबूराव पेंटर (१८९०–१९५४) हे कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचे संस्थापक आणि शांतारामांचे गुरू. त्यांच्याच हाताखाली शांतारामांनी चित्रपटाचे पहिले धडे घेतले होते. ‘प्रभात’ सोडून १९४२ मध्ये मुंबईत ‘राजकमल’ची स्थापना केल्यानंतर शिष्याने या चित्रपटासाठी गुरूला पाचारण केले. मूकपटाच्या युगात पेंटरांनी ऐतिहासिक वातावरणाची जी जाण दाखविली होती, ती येथील वाडे, वेषभूषा व दिव्यांच्या मंद प्रकाशातील फडाची दृश्ये यांतून प्रत्ययास येते. गाण्यांच्या प्रसंगांतील वेग व भव्यता यांवर मात्र शांतारामांची मुद्रा स्पष्ट दिसते.

माडगूळकर त्या वेळी अठ्ठावीस वर्षांचे होते. त्यांच्यापुढील काम नाजूक होते. रामजोशींच्या मूळ लावण्या चित्रपटात घ्यावयाच्या आणि त्यांच्या शेजारी स्वतःची पदे अशी लिहावयाची, की जोड दिसू नये. सौंदर्यवर्णनाची रामजोशींची सुप्रसिद्ध लावणी तर या चित्रपटामुळेच नव्या पिढीच्या ओठांवर आली. माणदेशात वाढलेल्या माडगूळकरांच्या कानांत ओवी, अभंग, पोवाडा आणि फडावरची लावणी हे सर्व एकत्र नांदत होते. त्यामुळे शाहिरी वळण उसने घेतल्यासारखे त्यांच्या रचनेत कोठेही वाटत नाही. मूळ रचना कोणती आणि चित्रपटासाठी लिहिलेली कोणती, हे पुष्कळ रसिकांना आजही चटकन सांगता येत नाही. कवीच्या दृष्टीने हा मोठाच गौरव. संशोधकाला मात्र यामुळे थोडी डोकेदुखी होते, हेही खरे.

गायकाच्या चरित्रपटात एक प्रश्न नेहमी उभा राहतो : पडद्यावर गाणाऱ्याचा आवाज कोणाचा? १९४७ च्या सुमारास पार्श्वगायन सार्वत्रिक झाले होते. तरीही संत तुकाराममध्ये विष्णुपंत पागनीस यांच्या बाबतीत जो मार्ग अनुसरला गेला, तोच येथेही स्वीकारण्यात आला. जयराम शिलेदार हे संगीत रंगभूमीचे गायक-नट होते आणि रामजोशींची पदे त्यांनी स्वतः गायिली. नाट्यसंगीताच्या बैठकीतून आलेला त्यांचा आवाज फडावरच्या शाहिराच्या मानाने अधिक घोटीव आहे, हा आक्षेप रास्त आहे. परंतु गाणारा गळा व हलणारे ओठ एकाच माणसाचे असल्याने सवाल-जवाबाच्या प्रसंगाला जी धार येते, ती अन्यथा आली नसती. अन्य देशांतील चित्रपटकारांपुढेही हाच पेच होता. अमेरिकेच्या दक्षिणेकडील ग्रामीण भागात फिडल, बँजो व गिटार यांच्या साथीने वाढलेल्या ‘कंट्री’ संगीताच्या गायकांवर तेथे अनेक चरित्रपट निघाले. हँक विल्यम्स या गायकावरील युअर चीटिंग हार्ट (१९६४) या चित्रपटात नट जॉर्ज हॅमिल्टन होता, पण गाणी विल्यम्सच्या मुलाने गायिली होती. उलट, खाणकामगाराची मुलगी असलेल्या लॉरेटा लिन या गायिकेवरील कोल मायनर्स डॉटर (१९८०) मध्ये सिसी स्पेसेक या अभिनेत्रीने सर्व गाणी स्वतः म्हटली व तिला त्या भूमिकेसाठी ऑस्कर पारितोषिक मिळाले. खेड्यातले गाणे, शहरातली कीर्ती, मद्य व संसाराची ओढाताण हा त्या चित्रपटांतील कथाभाग मराठी वाचकाला अनोळखी वाटणार नाही.

संगीतकार वसंत देसाई (१९१२–७५) यांनी ढोलकी, तुणतुणे व झांज यांचा ठेका मुळाबरहुकूम ठेवून त्यावर मर्यादित वाद्यवृंदाची जोड दिली. चित्रपटसंगीतात ढोलकीला जे मानाचे स्थान पुढे मिळाले, त्याची पायाभरणी येथे झाली.

चित्रपटाची उणी बाजूही नमूद करणे अवश्य आहे. पेशवाईतील तमाशात स्त्रीवेष मुख्यतः ‘नाच्या पोऱ्या’ घेत असे. पडद्यावर दिसणारा नर्तकींचा सजलेला ताफा हा विसाव्या शतकातील संगीतबारी व चित्रपटाची रंगसंगती यांचा मिलाफ आहे. फड चालतो तो ढोलकीवाला, सुरत्या, सोंगाड्या यांच्या बळावर, आणि ही कला पिढ्यान्‌पिढ्या जिवंत ठेवली ती प्रामुख्याने महार, मांग, कोल्हाटी इ. समाजांतील कलावंतांनी. चित्रपटात ही मंडळी पार्श्वभूमीला राहतात. ब्राह्मण कवीने लावणीला हात लावला म्हणून तिची प्रतिष्ठा वाढली, असा अर्थ त्यातून सहज निघतो. ज्यांच्या अंगणात ती वाढली, त्यांच्या वाट्याला त्या प्रतिष्ठेचा फारच थोडा अंश आला. बयेची व्यक्तिरेखाही नायकाच्या मोहाचे निमित्त एवढीच राहण्याचा धोका होता. हंसा वाडकरांच्या (१९२३–७१) अभिनयाने व डोळ्यांतील करारीपणाने ती त्यापलीकडे गेली.

प्रदर्शनाचा काळही ध्यानात घेतला पाहिजे. तमाशा अश्लील म्हणून पांढरपेशा समाजाने तो वर्ज्य मानला होता. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत मुंबई सरकारने त्यावर निर्बंध घातले व त्याच्या सुधारणेसाठी समितीही नेमली. जो खेळ थिएटरात जाऊन पाहण्याची लाज वाटे, तो पुण्या-मुंबईच्या कुटुंबांनी या चित्रपटाच्या निमित्ताने सहकुटुंब पाहिला. ग्रामीण भागातील स्थिती वेगळी होती. कऱ्हा व नीरा यांच्या खोऱ्यांत, वडगाव निंबाळकरसारख्या गावांच्या परिसरात, यात्रेतील तमाशा हा वार्षिक रिवाजाचाच भाग. फिरत्या चित्रपटगृहांचे तंबू पुढे याच यात्रांतून लागू लागले, तेव्हा फडावरची लावणी व पडद्यावरची लावणी शेजारी-शेजारी आल्या आणि फडांनीही चित्रपटातील चाली उचलल्या. बारामतीत एके काळी कीर्तन व तमाशा यांची जी देवाणघेवाण झाली, तिच्याशी या घटनेचे साम्य लक्षणीय आहे.

हिंदी आवृत्तीच्या नावाविषयी येथे थोडे सांगितले पाहिजे. ‘शाहीर’ हा शब्द मुळात अरबी ‘शायर’ या शब्दावरून आलेला आहे. पण मराठीत येताना त्याचा अर्थ पालटला. शायर एकटा बसून लिहितो व मैफलीत म्हणून दाखवितो. शाहीर झीलकऱ्यांच्या साथीने, डफावर थाप मारून, उभ्याने गातो. हिंदी शीर्षकात ‘शायर’ हा मूळ शब्द परत आला, परंतु त्याबरोबर डफ मात्र निसटला.

या चित्रपटाच्या यशानंतर शाहिरांच्या जीवनावर आणखी चित्रपट निघाले. पठ्ठे बापूराव (१९५०) हा श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी ऊर्फ पठ्ठे बापूराव (१८६६–१९४५) या शाहिरावर होता. वाळवे तालुक्यातील रेठरे हरणाक्ष गावचे कुळकर्णीपण सोडून बापूराव फडात शिरले आणि पवळा या महार समाजातील नर्तकीबरोबर त्यांनी तमाशा गाजविला. प्रत्यक्ष जीवनात जातीचा प्रश्न येथे रामजोशींपेक्षाही तीव्र होता. होनाजी बाळा या गवळी समाजातील शाहिरावर शांतारामांनी अमर भूपाळी (१९५१) काढला. पंडितराव नगरकरांनी त्यात होनाजीची भूमिका करून गाणीही गायिली आणि संगीत पुन्हा वसंत देसाईंचेच होते. कान येथील चित्रपट महोत्सवात १९५२ मध्ये त्याच्या ध्वनिमुद्रणाची दखल घेतली गेली. काल्पनिक कथांच्या तमाशापटांत अनंत माने यांचा सांगत्ये ऐका (१९५९) पुण्यात दोन वर्षांहून अधिक काळ चालला. त्यातील नायिकाही हंसा वाडकरच होत्या, आणि पुढे आपल्या आत्मकथनालाही त्यांनी हेच नाव दिले. त्या आत्मकथनावरून श्याम बेनेगल यांनी भूमिका (१९७७) हा हिंदी चित्रपट केला. स्मिता पाटील यांना त्यातील अभिनयासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. बयेची भूमिका करणाऱ्या अभिनेत्रीचे स्वतःचे जीवन अशा रीतीने तीस वर्षांनी चरित्रपटाचा विषय झाले. आणि या वेळी कथा कवीच्या नव्हे, तर बाईच्या बाजूने सांगितली गेली.

शाहिरांच्या चरित्रपटांची ही परंपरा त्यानंतर बराच काळ क्षीण झाली होती. वाई तालुक्यातील पसरणी येथे जन्मलेल्या शाहीर कृष्णराव साबळे (१९२३–२०१५) यांच्या जीवनावरील महाराष्ट्र शाहीर (२०२३) या चित्रपटाने ती पुन्हा पुढे नेली. त्याचे दिग्दर्शक केदार शिंदे हे साबळे यांचे नातू. संगीत अजय-अतुल यांचे असून शाहिरांची भूमिका अंकुश चौधरी यांनी केली. रामजोशींच्या बाबतीत चित्रपटकारांच्या हाती लावण्या व आख्यायिका एवढीच सामग्री होती. साबळे यांच्या बाबतीत ध्वनिमुद्रिका, ‘महाराष्ट्राची लोकधारा’ हा गाजलेला कार्यक्रम आणि त्यांना प्रत्यक्ष ऐकलेला श्रोतृवर्ग उपलब्ध होता.