घुबडाच्या पोटातलं शिसं

अथेन्सचं चार द्राख्मांचं जुनं नाणं वजनाला साधारण 17.2 ग्रॅम भरतं. एका बाजूला शिरस्त्राण घातलेली अथेना, दुसऱ्या बाजूला डोळे वटारलेलं घुबड, शेजारी ऑलिव्हची डहाळी. अथेन्सचे लोक या नाण्यांना सरळ ‘घुबडं’च म्हणत. असं एखादं नाणं प्रयोगशाळेत तपासलं गेलं की बातमी येते आणि तिच्या मागोमाग एक समजूतही येते: यंत्रानं नाण्याचं वय काढलं.

वय काढलेलं नसतं. कार्बन-14 ची पद्धत एकेकाळी जिवंत असलेल्या पदार्थांना लागू पडते, चांदीला नाही. नाण्याचा काळ नाणकशास्त्राचे अभ्यासकच ठरवतात. छाप, घडण, आणि ज्या साठ्यात ते सापडलं त्यातली सोबतची नाणी पाहून. यंत्राला विचारतात ते वेगळंच. ही चांदी कुठल्या खाणीतली असू शकेल?

गंमत म्हणजे त्याचं उत्तर चांदीत नाही, शिशात शोधायचं असतं. ‘चांदीत शिसं म्हणजे भेसळ’ असं वाटणं साहजिक आहे. पण अथेन्सच्या आग्नेयेला, अॅटिका प्रांताच्या टोकाशी असलेल्या लॉरियनच्या खाणींत चांदी शिशाच्या धातुकातच अडकलेली असे. धातुक भाजून-वितळवून आधी शिसं काढायचं, मग तापलेल्या शिशावर हवा खेळवायची. शिशाचं मुर्दाडशिंग होऊन ते बाजूला होतं आणि तळाशी चांदीचा गोळा उरतो. खानापूर-आटपाडीकडून गलाईच्या धंद्यासाठी देशभर पसरलेल्या मंडळींना सांगायला नको, की कितीही शुद्ध केलं तरी काहीतरी मागे राहतंच. शिशाचा तो उरलेला अंशच अभ्यासकांच्या कामाचा.

शिशाचे स्थिर समस्थानिक, म्हणजे वेगवेगळ्या वजनाचे अणू, चार: 204, 206, 207 आणि 208. पहिला पृथ्वीच्या जन्मापासून आहे तेवढाच आहे. 206 आणि 207 युरेनियमच्या ऱ्हासातून, 208 थोरियमच्या ऱ्हासातून वाढत जातात. जमिनीखाली धातुक तयार झालं की शिसं युरेनियम-थोरियमपासून तुटतं आणि या चौघांचं आपसातलं प्रमाण तिथेच थिजतं. पुढे भट्टी, टाकसाळ, अडीच हजार वर्षं जमिनीत पडून राहणं, यांपैकी कशानंही ते जाणवण्याइतकं बदलत नाही.

हे मोजायचं यंत्र म्हणजे सराफाच्या काउंटरवरचं कॅरट तपासायचं यंत्र नव्हे. सराफाचं यंत्र क्ष-किरण टाकून वरच्या पातळ थरात कोणती मूलद्रव्यं किती आहेत एवढंच सांगतं. जमिनीत पुरलेल्या नाण्याच्या पृष्ठभागावरून तांबं झिजून गेलेलं असतं, त्यामुळे नाणं आहे त्यापेक्षा शुद्ध दिसतं. समस्थानिक वेगळे करायला मास स्पेक्ट्रोमीटरच लागतो. नमुन्यातले अणू आर्गॉनच्या प्लाझ्मात, हजारो अंश तापमानात, इलेक्ट्रॉन गमावून आयन होतात. चुंबकीय क्षेत्रातून जाताना हलके आयन जास्त वळतात, जड कमी, आणि प्रत्येक जात आपापल्या धातूच्या पेल्यात जाऊन पडते. या पेल्याला फॅरडे कप म्हणतात. पडणारा प्रत्येक आयन एक इवलासा विद्युतभार देतो. सेकंदाला सुमारे सहा कोटी आयन पडले तरी प्रवाह भरतो एका अँपिअरचा दहा हजार कोटीवा भाग! तो प्रचंड रोधातून नेला की मग कुठे मोजण्याजोगा एक व्होल्ट हाती येतो. यंत्र नाण्याकडे ‘बघतं’ वगैरे काही नाही, ते आयन मोजतं.

त्यासाठी नाणं वितळवावं लागत नाही. पूर्वी तुकडा कापत किंवा भोक पाडत. आता लेसरनं डोळ्याला जेमतेम दिसेल एवढा खड्डा पाडूनही काम भागतं.

सगळ्यात चिवट गैरसमज मात्र ‘शिशाचा बोटाचा ठसा’ हा. ठसा जुळला की गुन्हेगार सापडला, तशी खाण सापडली! तसं होत नाही. दोन लांबच्या खाणींचे आकडे एकमेकांवर चढू शकतात. जुनी भांडी, लुटीतली नाणी एकत्र वितळवली तर मधलाच, कुठल्याच खाणीचा नसलेला आकडा येतो. 1990 च्या दशकात यावरून अभ्यासकांत चांगलीच जुंपली होती. माझ्या मते या पद्धतीचा ‘नाही’ भरवशाचा आहे. तिचा ‘हो’ नेहमी ‘असू शकेल’ असा वाचावा.

तो ‘नाही’सुद्धा थोडाथोडका नाही. घुबडाच्या आधीची अथेन्सची नाणी तपासली, तेव्हा त्यातली बरीचशी लॉरियनच्या आकड्यांत बसेनात. म्हणजे शहराच्या दाराशी खाण असूनही चांदी बाहेरून येत होती. एजिना बेटाकडे स्वतःची खाण नव्हती, तरी त्यांचं कासवाचं नाणं सगळीकडे चाले. 1970 च्या दशकात हायडेलबर्गच्या संशोधकांनी इजिप्तमध्ये असिउतला सापडलेल्या साठ्यातली नाणी तपासली. काही कासवांची चांदी सिफनोस बेटाशी जुळली. त्या बेटाची श्रीमंती ग्रीक इतिहासकार हिरोडोटसनं लिहून ठेवलीच होती.

लॉरियनची चांदी इ.स.पू. 483 मध्ये अचानक सापडली आणि अथेन्सचा नेता थेमिस्टोक्लीस यानं तिची जहाजं बांधली, अशी गोष्टही सांगतात. तेव्हा एक नवा, समृद्ध थर हाती लागला हे खरं. प्रत्येक नागरिकाला दहा-दहा द्राख्मा वाटायचं घाटत होतं, ते थांबवून थेमिस्टोक्लीसनं एजिनाशी लढायच्या नावाखाली जहाजं बांधायला लावली आणि 480 मध्ये ती सलामिसच्या आरमारी लढाईत पर्शियाविरुद्ध कामी आली. पण खाणकाम तिथे कांस्ययुगापासूनच चालू होतं.

ती चांदी कुणी खणली, हे शिसं सांगत नाही. ते ग्रीक लेखक झेनोफोनच्या लिखाणातून कळतं: अथेन्सचा सेनापती निकियास याचे एक हजार गुलाम खाणीत होते, माणशी रोज एक ओबोल भाड्यानं दिलेले. सहा ओबोलांचा एक द्राख्मा, चार द्राख्मांचं एक घुबड. निकियासच्या घरी रोज एकेचाळीस-बेचाळीस घुबडं येत होती.