वंशवृक्षाच्या मुळाशी

आपले घराणे १६२० साली ‘मेफ्लॉवर’ जहाजातून आलेल्या वसाहतकऱ्यांचे आहे, हे सिद्ध करणे अमेरिकेत मानाचे समजतात. त्यासाठी स्वतःपासून मागे जात प्रत्येक पिढीच्या जन्म, विवाह व मृत्यूच्या नोंदी जुळवाव्या लागतात. एक कडी निखळली की साखळी तुटली. ही साखळी पुष्कळांना नेते जॉन हाउलंडपाशी. तो प्लीमथचा पहिला गव्हर्नर जॉन कार्व्हर याच्या पदरचा नोकर. वादळात समुद्रात पडला, दोर हाती लागला म्हणून वाचला. पुढे त्याला दहा मुले झाली. धनी १६२१ मध्येच वारला. त्याचा वंश चालल्याची नोंद नाही. कामगारांत हयात घालविलेल्या आम्हांला याचे नवल वाटत नाही. मुळाशी चाकर निघाला, तर तो झाकू नये; घराणे त्याच्याच हातांनी उभे राहिले.