९,४०१ सह्यांचा अर्ज

मॉरिशसमधल्या हिंदी मजुरांनी १८७१ साली तिथल्या गव्हर्नरला दिलेल्या एका अर्जाने गेली कित्येक वर्षं माझा पिच्छा पुरवला आहे. उष्ण कटिबंधातल्या बेटावर बिऱ्हाड हलवावं की नाही, तिथे हाती काय लागतं आणि पदरचं काय जातं, याचा विचार हल्ली घरभाडं, व्हिसा आणि समुद्रकिनारा यांच्याभोवती फिरतो. मला मात्र हा विषय निघाला की तो अर्ज आठवतो. त्यावर सह्या करणारे ९,४०१ जण करार पुरा करून बेटावर राहिलेले होते, सरकारी भाषेत ‘जुने आगंतुक’. तिथलं बरंवाईट त्यांनी स्वतःच्या अंगावर काढलेलं होतं.

पार्श्वभूमी बहुतेक वाचकांना ठाऊक आहे. १८१० मध्ये इंग्रजांनी हे बेट फ्रेंचांकडून घेतलं. १८३५ मध्ये गुलामी संपली. भरपाई म्हणून वीस लाख पौंडांहून अधिक रक्कम मालकांना मिळाली, गुलामांना दमडीही मिळाली नाही. उसाला माणसं हवी होती. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अ‍ॅटलस’ या जहाजातून ३६ मजूर कलकत्त्याहून पोर्ट लुईला उतरले आणि पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत साडेचार लाखांच्या आसपास माणसं आली. बहुसंख्य कलकत्त्याहून, त्याखालोखाल मद्रासहून. मुंबई बंदरातून गेलेले तुलनेने थोडे. त्यांत रत्नागिरीकडची आणि घाटावरची माणसं होती. मुंबईत गिरण्या उभ्या राहिल्या, गोदीला हात लागू लागले, अमेरिकेतल्या यादवीने कापसाला सोन्याचा भाव आला, आणि हा ओघ आटला. कोकणातल्या माणसाला मुंबई जवळची झाली, हेच त्याचं कारण असावं असं मला वाटतं.

निघताना त्याला काय सांगितलं जाई? पाच वर्षांचा करार, महिना पाच रुपये, वर तांदूळ, डाळ, मीठ, तेल. बेटावरचे दगड उलटले की खाली सोनं सापडतं, असं आमिष दाखवल्याची कथा मॉरिशसमध्ये आजही सांगतात. दगड खरे होते. उसाच्या फडांतून वेचून काढलेल्या काळ्या दगडांच्या राशी अजून तशाच उभ्या आहेत. पण पगार आणि शिधा यांनाही मी निव्वळ थाप म्हणणार नाही. ज्याच्याकडे जमिनीचा तुकडा नाही आणि दर उन्हाळ्यात सावकाराच्या दारात जाणं ज्याला चुकत नाही, त्याला महिना पाच रुपये ही मोठी गोष्ट होती. दगा होता तो पगार कापण्याच्या रीतीत. एक दिवस खाडा झाला की दोन दिवसांची मजुरी जाई. मळेवाले याला ‘दुहेरी कपात’ म्हणत. माणूस तापाने फणफणलेला होता की मुद्दाम आला नाही, हे ठरवणारा मालकच. महिनाभर राबूनही हाती फारसं काही पडलं नाही, अशा तक्रारींनी त्या काळचे कागद भरलेले आहेत.

या कागदांत एका बाईची जबानी आहे आणि ती मला फार मोलाची वाटते. १८३८ मध्ये कलकत्त्यात चौकशी समिती बसली. तिच्यापुढे बीबी झुहूरन साक्षीला आली. फसवून नेलं, मॉरिशसमध्ये एका गोऱ्या डॉक्टरच्या घरी कामाला लावलं, आणि त्याने तिची अभिलाषा धरली, असं तिने सांगितलं. परत आल्यावर जहाजावर चढल्याने जात गेली. सख्खी आईसुद्धा तिच्या हातचं पाणी घेईना. तिथल्या लोकांना घरी परतायला खुष्कीचा रस्ता असता तर एकही जण तिथे थांबला नसता, असंही तिचं म्हणणं होतं. बेटाचा तोटा तिने नेमका सांगितला. भोवती पाणी असतं, आणि ते पाणी ओलांडायचं की नाही हे दुसऱ्याच्या हाती असतं.

ही करारबद्ध मजुरी निव्वळ फसवणूक होती की मजुरांनी विचार करून घेतलेला निर्णय, यावरून इतिहासकारांत जुना वाद आहे. ह्यू टिंकर यांनी १९७४ मध्ये या पद्धतीवर पुस्तक लिहिलं आणि तिला शीर्षकातच नवी गुलामगिरी म्हटलं. पुढे मरिना कार्टर यांनी मॉरिशसचं दप्तर बारकाईने चाळून दाखवलं की बरेच मजूर देशी परत आले आणि भाऊबंदांना, गावकऱ्यांना घेऊन पुन्हा बेटावर गेले. सगळेच भोळे नव्हते. पुष्कळांनी हिशेब करून पाऊल उचललं होतं. कार्टर यांचा पुरावा मला पटतो. तरी ज्याने हिशेब केला त्याच्यावर अन्याय झालाच नाही, असा निष्कर्ष त्यावरून काढणं मला मान्य नाही. अटी मधूनच बदलत गेल्या, आणि त्या बदलणाऱ्यांनी मजुराला विचारलं नाही.

सर्वांत मोठा बदल १८५०च्या दशकाच्या आरंभी झाला. नव्याने येणाऱ्यांचा परतीच्या फुकट प्रवासाचा हक्क गेला. मग १८६६ ते १८६८ या काळात हिवतापाची साथ आली. एकट्या १८६७ मध्ये सुमारे तीस हजार माणसं दगावली, आणि बेटाची लोकसंख्या तेव्हा साडेतीन लाखांच्या आतबाहेर होती. त्याच १८६७ साली नवा मजूर कायदा आला. करार संपवून बागायत करणाऱ्या, फेरीवर भाजी विकणाऱ्या, कुणाच्या दारी नोकर नसलेल्या जुन्या माणसाने छायाचित्र लावलेलं तिकीट सतत जवळ बाळगायचं आणि त्याचा खर्चही स्वतःच करायचा. आपला जिल्हा सोडून दुसऱ्यात गेला आणि परवाना दाखवता आला नाही, तर तो भटक्या ठरून तुरुंगात किंवा ग्रँड रिव्हरच्या डेपोत जाई. पोलीस मोहिमा काढून अशी माणसं धरत. सुटण्याचा सोपा मार्ग एकच होता: पुन्हा मळ्यावर करार करायचा.

अशी छायाचित्रं मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेच्या संग्रहात आहेत. क्रमांक असलेला माणूस सरळ कॅमेऱ्याकडे पाहत असतो. रजिस्टरात नाव, बापाचं नाव, जात, वय, उंची, अंगावरची खूण, गाव, जहाज असे रकाने. मुलखात ज्याची नोंद कधी कुणी इतक्या निगुतीने केली नव्हती, त्याची नोंद इथे झाली ती तो पळून जाऊ नये म्हणून.

याच सुमारास नूव्हेल देकूव्हर्त इथे सासऱ्यांचा मळा सांभाळणारा अडोल्फ द प्लेवित्झ या गोष्टीत येतो. १८३७चा जन्म, जर्मन वंशाचा, वाढलेला फ्रान्समध्ये, १८५८ मध्ये बेटावर आलेला. त्याच्याकडचे लोक रस्त्यातून उचलले जाऊ लागले तशी त्याने त्यांच्या कहाण्या टिपायला घेतल्या. राजरत्नम मुदलियार हे दुभाषी त्याच्या मदतीला होते. अर्ज तयार झाला आणि ६ जून १८७१ रोजी नवे गव्हर्नर सर आर्थर गॉर्डन यांच्याकडे गेला. प्लेवित्झने तो आपल्या टिप्पणीसह छापूनही काढला. बेटाविरुद्ध अर्जदारांची तक्रार नव्हती. त्यांना तिथे राहायचं होतं, धंदा करायचा होता, नातेवाइकाला भेटायला दुसऱ्या जिल्ह्यात जायचं होतं. या कामांसाठी पकडलं जाऊ नये, एवढंच मागणं होतं.

मळेवाले खवळले. प्लेवित्झला हद्दपार करा, असा उलटा अर्ज त्यांनी केला. त्यावर साडेनऊशेच्या घरात सह्या पडल्या. पोर्ट लुईच्या भर रस्त्यात एका मळेवाल्याने त्याला मारहाण केली. गॉर्डन मात्र बधले नाहीत. त्यांच्या आग्रहाने शाही आयोग नेमला गेला. दोघांच्या त्या आयोगातले विल्यम फ्रिअर मुंबई इलाख्यात नोकरी केलेले होते, दुसरे व्हिक्टर विल्यमसन. १८७५ मध्ये त्यांचा भलामोठा अहवाल आला. पोलिसांची धरपकड आणि कायद्याची अंमलबजावणी यांवर त्यात कडक ताशेरे होते. १८७८ मध्ये नवा कायदा झाला. प्लेवित्झ त्याआधीच बेट सोडून गेला होता. मराठीत त्याच्यावर एक छोटं पुस्तक तरी व्हायला हवं होतं.

गॉर्डन यांचं पुढचं चरित्र वाचताना मला अस्वस्थ व्हायला होतं. ते फिजीचे गव्हर्नर झाले आणि १८७९ मध्ये ‘लिओनिडास’ जहाजातून पहिले हिंदी करारबद्ध मजूर फिजीला उतरले ते त्यांच्याच कारकिर्दीत. फिजीच्या मूळ रहिवाशांना मळ्यांवर राबावं लागू नये, ही त्यांची भूमिका होती. एका बेटावर हिंदी मजुराची कैफियत ऐकणाऱ्याने दुसऱ्या बेटावर त्यालाच उसात उभं केलं.

मॉरिशसमध्ये पुढे पारडं फिरलं ते जमिनीमुळे. बीटच्या साखरेने भाव पाडले, मळेवाले कर्जात बुडाले, आणि साधारण १८८० नंतर त्यांनी कडेचे तुकडे विकायला काढले. जुन्या मजुरांनी पै-पै साठवून ते घेतले. १८९२च्या चक्रीवादळात सुमारे बाराशे माणसं गेली, तरी तुकडा घेतलेल्यांनी तो सोडला नाही. गेल्या शतकाच्या आरंभी उसाखालच्या जमिनीचा मोठा हिस्सा हिंदी वंशीयांकडे होता. मराठी मंडळी व्हाक्वा, ब्लॅक रिव्हर, कास्कावेल अशा भागांत स्थिरावली. कोकणातली जाखडी तिथे ‘झाकरी’ म्हणून नाचतात. गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी असते. आजोबांचं पाळण्यातलं नाव फ्रेंच वळणाने लिहिलं जाऊन नातवंडांचं आडनाव झालं.

१९६१ मध्ये अर्थतज्ज्ञ जेम्स मीड यांनी या बेटाच्या भवितव्याबद्दल निराशेचा सूर लावला होता. १२ मार्च १९६८ला स्वातंत्र्य मिळालं. साखरेच्या जोडीला कापड, पर्यटन, बँका आल्या आणि तो अंदाज खोटा ठरला. ती हकीगत इतरत्र पुष्कळ सांगून झाली आहे.

माझं मत असं की बेटावर जाण्याचा फायदा-तोटा हवा-पाण्यावर किंवा पगाराच्या आकड्यावर ठरला नाही. परतीचं भाडं कोण देणार, ओळखीचा कागद कुणाच्या ताब्यात आणि जमीन आपल्या नावावर होणार की नाही, या तीन गोष्टींवर तो ठरला. आखातात पासपोर्ट मालकाकडे देऊन राबणाऱ्या माणसाला हे समजावून सांगावं लागणार नाही.

शेवटी एक विनंती. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, सातारा, कोल्हापूरकडच्या ज्या घरांत जुनी वंशावळ आहे आणि तिच्यात १८३५ ते १८७० च्या दरम्यान कुणापुढे ‘परागंदा’ किंवा ‘बेपत्ता’ लिहिलेलं आहे, त्यांनी ते नाव, बापाचं नाव आणि गाव उतरवून मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेकडे पाठवावं. पूर्वजांचं गाव शोधणारी कुटुंबं तिथे आहेत. आपल्या बाजूने कागद उघडला तरच दोन टोकं जुळतील.