घराला किती तारे?

मिरजेतलं अब्बांचं घर विकायचं असं आम्ही 2024 च्या उन्हाळ्यात ठरवलं. मी साताऱ्यात, धाकटा भाऊ सांगलीत. थोरले भाई आता नाहीत, त्यांची मुलगी इंग्लंडात लेस्टरला असते. तिच्या सहीशिवाय खरेदीखत होणार नव्हतं, म्हणून तिला मुखत्यारपत्राचा मसुदा आणि बाकी कागद पाठवले. चार दिवसांनी तिचा फोन. "चाचा, कागद बघितले. पण घराचं एनर्जी सर्टिफिकेट कुठं आहे?"

म्हटलं, "बेटा, मिळकत पत्रिका आहे, इंडेक्स टू आहे, घरपट्टीची पावती आहे, लाइट बिल आहे. हे तुझं नवीन कुठलं?"

तिकडं ते नवीन नाही. इंग्लंडमध्ये 2007 पासून टप्प्याटप्प्यानं हा नियम आला. घर विकायला काढायचं तर आधी तपासनीस बोलवायचा. तो भिंती, छप्पर, खिडक्या, पाणी तापवायची सोय बघतो आणि घराला 'ए' ते 'जी' असा दर्जा देतो. दाखला दहा वर्षं चालतो. घेणाऱ्याला आधीच कळतं की हे घर पोसायला किती खर्च येणार. त्यांचा खर्च घर गरम ठेवण्याचा, आपला गार ठेवण्याचा, एवढाच फरक.

माझं शिक्षण बी. ए., तेही मराठी घेऊन. पण पुतणीला उत्तर द्यायचं म्हणून विचारपूस सुरू केली. पहिली गोष्ट कळली ती दिलासा देणारी. घर विकताना असा दाखला आपल्याकडं सक्तीचा नाही. दुय्यम निबंधक तो मागत नाही.

दुसरी गोष्ट कळली ती अशी, की आपल्याकडं काहीच नाही असंही नाही. ऊर्जा संवर्धनाचा कायदा 2001 चा. त्यातून दिल्लीत ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो निघाला. फ्रिजवर, एसीवर तारे दिसतात ना, ते याच ब्यूरोचे, 2006 पासूनचे. याच ब्यूरोनं 14 डिसेंबर 2018 ला 'इको निवास संहिता' आणली. भिंती आणि खिडक्यांतून घरात किती उष्णता शिरावी याला तिनं मर्यादा घातली, दर चौरस मीटरला 15 वॅट. पुढं 2019 मध्ये घरांसाठीही एक ते पाच ताऱ्यांचं लेबल आलं, ऐच्छिक. पण 2018 ची ती संहिता होती 500 चौरस मीटर आणि त्यापुढच्या भूखंडांवरच्या इमारतींसाठी, म्हणजे आपल्या भाषेत साधारण पाच गुंठे. कायद्यात 2022 ला दुरुस्ती झाली, तिनं निवासी इमारतीही कक्षेत घेतल्या, पण 100 किलोवॅट जोडभाराच्या. आमच्या मिरजेच्या घराचा जोडभार दोन किलोवॅटसुद्धा नाही. आम्ही कुठल्याच पट्टीत बसत नव्हतो.

गंमत बघा. वीस हजारांचा फ्रिज घेताना आपण दुकानदाराला तारे विचारतो. तीस लाखांचं घर घेताना पूर्व-पश्चिम विचारतो, ती वास्तूसाठी. उन्हासाठी कुणी विचारत नाही.

मग एका सल्लागाराकडं गेलो. घर तपासून अहवाल देतो म्हणाले. फी ऐकली, चहा संपवला आणि उठलो. त्यांचं चुकलं नाही. ते कारखाने तपासणारे, दोन खोल्यांच्या घरासाठी त्यांनी का यावं? पण निघताना एक वाक्य बोलले ते फुकट मिळालं : "वर्षाची युनिटं घ्या आणि चौरस मीटरनं भागा. सुरुवात तिथून होते."

तर मंडळी, ही स्वस्तातली रीत. महावितरणच्या बिलावर मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो. बारा महिन्यांची बेरीज आमच्याकडं आली 1,040 युनिटं. घर 700 चौरस फूट, म्हणजे 65 चौरस मीटर. भागाकार 16. मी खूश होऊन भावाला फोन केला. तो म्हणाला, "अरे, भाडेकरू कोण होते? दोघं म्हातारी माणसं. एक पंखा, एक टीव्ही. तिथं चार पोरांचं बिऱ्हाड येऊ दे, मग सांग सोळा."

खरं होतं. बिल माणसांची सवय सांगतं, घराचा स्वभाव सांगत नाही. म्हणूनच जाणकार माणसांपेक्षा भिंत, छत आणि खिडकी मोजतात.

आमच्या घराचे स्वभाव दोन. पुढची खोली जुनी, दगड-मातीची, दीड हात जाड भिंत, वर मंगळुरी कौलं आणि खाली लाकडी माळा. मागची खोली 1988 ची, विटांची, वर स्लॅब. अम्मीला फार हौस होती स्लॅबची. त्या काळी कौलारू घर म्हणजे गरिबी वाटायची. मे महिन्यात मी दोन साधे थर्मामीटर घेतले आणि दोन रात्री तिथं मुक्काम केला. रात्री नऊ वाजता पुढच्या खोलीत 31 अंश, मागच्या खोलीत 35. दिवसभर खाल्लेलं ऊन स्लॅब रात्री ओकतो. भाडेकरू आजी-आजोबा उन्हाळ्यात पुढंच का निजायचे, ते तेव्हा उमगलं. त्यांचं बिल कमी यायला हेही कारण होतं.

हे सगळं एका फुलस्केप कागदावर लिहून काढलं. भिंती कशा, छत कसं, खिडक्या कुठल्या दिशेला, पश्चिमेला कडुनिंब आहे, बारा महिन्यांची युनिटं, आणि मागची खोली रात्री चार अंश गरम राहते हेही. भाऊ चिडला. "गिऱ्हाईक पळवायचंय का?" मी म्हटलं, माणूस पहिल्याच मे महिन्यात तिथं झोपणार आहे, त्याला कळायचं ते कळणारच.

घेणारे गृहस्थ सांगलीचे, निवृत्त मास्तर. सांगलीत घर बघायला आलेला माणूस पहिला प्रश्न एकच विचारतो, एकोणीसला पाणी कुठपर्यंत आलं होतं? ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं, धोक्याची पातळी 45. मास्तरांच्या घरात तेव्हा कमरेएवढं पाणी होतं, म्हणून तर ते मिरजेला निघाले. आमच्याकडं पाणी आलं नव्हतं, तेही कागदावर होतंच.

मास्तरांनी कागद दोनदा वाचला. जिन्यानं स्लॅबवर गेले, चप्पल काढून पाय टेकवला आणि लगेच उचलला. खाली येऊन म्हणाले, "वर पांढरी चिनी मोज़ेक बसवायला लागेल. त्याचे पैसे किमतीतून कमी करा." मोज़ेक पांढरी असली की ऊन परतवते, हे त्यांना माझ्याआधी ठाऊक होतं. भावानं माझ्याकडं बघितलं. आम्ही गवंड्याला विचारून आकडा काढला आणि तेवढे कमी केले. घासाघीस दुसऱ्या कशावरूनही झाली नाही. तो कागद त्यांनी मिळकत पत्रिकेच्या मागं फाइलला लावला.

मग त्यांनी लाइट बिल हातात घेतलं. मागच्या मालकाची थकबाकी नवीन मालकाच्या गळ्यात पडू शकते, सर्वोच्च न्यायालयानं 2023 मध्ये तसा निकाल दिला आहे, तेव्हा हे बघावंच. थकबाकी शून्य होती. पण मास्तर नावापाशी थांबले. "हे कोण?"

बिलावर अजून अब्बांचंच नाव होतं. अब्बा 2011 ला गेले. तेरा वर्षं दर महिन्याला बिल त्यांच्या नावानं येत होतं आणि भाडेकरू ते वेळेवर भरत होते. दुसऱ्या दिवशी मृत्यूचा दाखला घेऊन मी आणि भाऊ महावितरणच्या कार्यालयात नाव बदलण्याचा अर्ज द्यायला गेलो. शेवटचं बिल मात्र मी साताऱ्याला घेऊन आलो.